हेमाताईंकडचा 'जर'

यादीत पंधरा शब्द होते. कंदील, पायरी, मोहरी, घोडा, लिफाफा... डॉक्टर मुजावरांनी ते संथपणे एकदाच वाचले, वीस मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि मग म्हणाले, "आता आठवतील तेवढे सांगा."

यशोधन शिरोळकरने अकरा सांगितले. ओजस खटावकरने चार सांगितले, त्यातला एक यादीत नव्हताच.

काचेच्या अलीकडे दोघी बसल्या होत्या. यशोधनची आई हेमलता, साठीची. आणि ओजसची थोरली बहीण देवयानी, त्रेचाळीस वर्षांची. हेमाताईंनी देवयानीचा हात घट्ट धरला. "अकरा! अगं, जानेवारीत तीन होते त्याचे."

"हो ना. छानच झालं," देवयानी म्हणाली आणि रुमाल शोधायच्या निमित्ताने तिने हात सोडवून घेतला. जानेवारीत ओजसचेही तीनच होते.

ही गोष्ट २०४१ च्या जून महिन्यातली, साताऱ्याची. देवयानी भूमिअभिलेख कार्यालयात मोजणीदार होती. उपग्रहावरून बोटभर जमीनसुद्धा मोजता येत होती, तरी भांडणं मिटवायला अजून माणसालाच बांधावर जावं लागे. वीतभर बांधासाठी एकमेकांचं तोंड न पाहणारे सख्खे भाऊ तिने शेकड्यांनी पाहिले होते. त्यांना ती सुनवायची, "शेजाऱ्याचं किती भरतंय ते कशाला बघता? तुमच्या सातबाऱ्यावर काय आहे ते बघा."

ओजस तिच्याहून सात वर्षांनी लहान. पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला हॉस्टेलच्या पंख्यातून आपलं नाव ऐकू येऊ लागलं. मग पंखा त्याला शिव्या देऊ लागला. स्किझोफ्रेनियाचं निदान व्हायला आठ महिने गेले आणि गोळ्यांनी आवाज शांत व्हायला दोन वर्षं. आवाज थांबले म्हणजे मुलगा परत मिळाला, असं घरच्यांना वाटलं होतं. तसं झालं नाही. भाजी आणायला गेलेला ओजस रिकामी पिशवी घेऊन परत यायचा. कुकर लावायचा तर आधी काय आणि मग काय, हे त्याच्या डोक्यात ओळीने राहत नसे. या आजारात भास सगळ्यांना दिसतात, पण लक्ष, स्मरण आणि विचारांची जुळणी जी विस्कटते ती घरच्यांखेरीज कुणाच्या ध्यानात येत नाही. वडील गेले, चार वर्षांपूर्वी आई गेली, आणि देवयानीच्या लग्नाचं वय दरम्यान कधीतरी निघून गेलं.

हेमाताईंशी ओळख झाली ती शुभंकरांच्या बैठकीत. रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला तिथे शुभंकर म्हणत. अकरा वर्षं दोघी दर शनिवारी शेजारी बसत होत्या. यशोधनची गोष्ट वेगळी होती. पंधराव्या वर्षापासून तो मैदानामागे जाऊन रोज गांजा ओढायचा. विसाव्या वर्षी आजार झाला. नवऱ्याने हेमाताईंना सुनावलं, "तुझ्या लाडाने वाटोळं झालं," आणि तो पनवेलला भावाकडे जाऊन राहिला, तो परत आलाच नाही. हेमाताई बैठकीत हे सगळं सांगून मोकळेपणी रडत. देवयानी त्यांच्या पाठीवरून हात फिरवी. तो हात खोटा नव्हता. पण तेव्हा तिच्या मनात एक बारीकसं समाधानही असे, की आमच्या ओजसने कधी साधी सुपारीसुद्धा खाल्ली नाही. आमच्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही.

या समाधानाला प्रतिमेंदूने सुरुंग लावला.

प्रतिमेंदू म्हणजे माणसाच्या मेंदूची संगणकात चालणारी नक्कल. स्कॅन, जनुकांचा नकाशा, लहानपणची आजारपणं, शाळेची प्रगतिपुस्तकं, असं सगळं भरून ती तयार होई. या नकलेवर औषध आधी चालवून बघता येई. तिला पुढे नेता येई, आणि मागेही. त्या आधारावर डॉक्टर मुजावरांच्या केंद्रात नवा उपचार सुरू झाला होता: दर पंधरवड्याला एक इंजेक्शन आणि रोज दोन तास मेंदूचा व्यायाम. किशोरवयात मेंदू जसा लवचीक असतो तसा तो काही महिन्यांपुरता पुन्हा करायचा आणि त्या मुदतीत विस्कटलेली घडी बसवायची, ही कल्पना.

उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांनी सगळ्या घरच्यांना समोर बसवून समजावलं होतं.

"आपल्या मेंदूत गांजासारखाच एक पदार्थ आपोआप बनतो. त्याचं नाव आनंदामाइड. शोधणाऱ्यांनी ते आपल्या 'आनंद' शब्दावरूनच ठेवलंय. दोन पेशी बोलत असताना एकीचा आवाज फार चढला, की ऐकणारी पेशी हा पदार्थ सोडते. 'जरा हळू बोल' म्हणते म्हणा ना. बोलणाऱ्या पेशीवर तो पकडणारे ग्राहक असतात. गांजातला मुख्य पदार्थ याच ग्राहकांवर जाऊन बसतो, आणि बराच वेळ उठत नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी मेंदू स्वतःची छाटणी करत असतो. नको त्या जोडण्या तोडतो, हव्या त्या पक्क्या करतो. नेमक्या त्याच वयात रोज ही लुडबुड झाली, तर काहींची छाटणी बिघडते. सगळ्यांची नाही. गांजा ओढणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही. ज्यांच्या रक्तातच थोडा कल असतो, त्यांना धोका."

मग त्यांनी जुनं कोडं सांगितलं. रुग्णांमध्ये पूर्वी गांजा ओढून सोडलेल्यांची विचारशक्ती कधीकधी कधीच न ओढलेल्यांपेक्षा बरी आढळते.

मागून एका वडिलांनी विचारलं, "म्हणजे गांजा चांगला म्हणायचा?"

"अजिबात नाही. ओढत राहिला तर आजार पुन्हा पुन्हा उलटतो. अर्थ वेगळा आहे. ज्याची मूळ बांधणी बरी होती, त्याला पाडायला गांजाचा धक्का लागला. ज्याला धक्क्याशिवाय आजार झाला, त्याचा पायाच कच्चा होता. धक्क्याने पडलेली भिंत उभी करणं त्यातल्या त्यात सोपं."

देवयानी खाली मान घालून स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली.

त्याच आठवड्यात हेमाताईंनी डॉक्टरांना गळ घातली. यशोने गांजा ओढलाच नसता तर काय झालं असतं, ते मला बघायचंय. डॉक्टर नको म्हणाले. हेमाताई हटल्या नाहीत. यशोधनचा प्रतिमेंदू पंधराव्या वर्षापर्यंत मागे नेला आणि गांजा वगळून हजार वेळा पुढे चालवला. आठशे बारा वेळा तो आजारी पडला नाही.

हेमाताई दोन दिवस जेवल्या नाहीत. देवयानीनेही मग ओजसचं बघितलं. हॉस्टेल बदललं, तिसरीतला ताप काढून टाकला, वडिलांची बोलणी काढून टाकली. हजारांतून नऊशे चाळीस वेळा तो आजारी पडलाच.

तेव्हापासून तिला हेमाताईंच्या रडण्याचासुद्धा हेवा वाटू लागला. त्यांच्याकडे निदान एक 'जर' होता, धरून रडायला काहीतरी होतं. हिच्याकडे तेवढंही नव्हतं. आणि वर, ज्याने आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेतला होता, तोच आता धावणार होता.

आणि तो धावलाच. जूनमध्ये अकरा शब्द. जुलैत त्याने वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि अग्रलेखावर आईशी वाद घातला. ऑगस्टमध्ये त्याला एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधाचे नमुने तपासायची नोकरी लागली. हेमाताई कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या, तेव्हा ओजस खिडकीशी बसून पडद्याच्या कडीशी चाळा करत होता.

"तुझ्यामुळे मी टिकले गं," हेमाताई म्हणाल्या. "ओजसचंही होईल बघ. एकेकाला वेळ लागतो."

हे 'एकेकाला वेळ लागतो' देवयानीने अकरा वर्षांत किमान शंभर वेळा हेमाताईंना ऐकवलं होतं. पुडा तिने फ्रिजमध्ये मागे सरकवून ठेवला. पेढ्यांवर हिरवी बुरशी आली तेव्हा कचऱ्यात टाकला, आणि टाकताना तिला बरं वाटलं.

उपचाराचा दुसरा टप्पा दिवाळीनंतर होता. त्यात फक्त सहा जणांना घेणार होते. यादीत यशोधन पहिला होता, ओजस सातवा.

सप्टेंबरच्या एका रविवारी सकाळी देवयानी गवार मोडत बसली होती. ओजस समोर येऊन बसला आणि तोही मोडू लागला. हे नवीन होतं, पण तिच्या ते लक्षात आलं नाही.

"ताई, यशोने ओढली."

"काय ओढली?"

"गांजाची विडी. डेअरीच्या मागे. कामावरचा एक जण आहे, त्याच्याबरोबर. दोनदा. मला म्हणाला, कुणाला सांगू नको."

देवयानीचा हात थांबला. "कधी?"

"बुधवारी. आणि काल. त्याला भीती वाटते तिथे. सगळे भराभर बोलतात म्हणे."

पुढे काय होणार हे तिला नीट माहीत होतं. डॉक्टरांनी घरच्यांकडून सही घेताना सांगितलं होतं की इंजेक्शनांमुळे गांजा पकडणारे ते ग्राहक मेंदूत नव्याने दाट होत असतात. अशा मेंदूवर गांजाचा घाव पूर्वीपेक्षा मोठा बसतो. प्रतिमेंदूवर चालवून पाहिलं होतं, दोन-तीनदा ओढलं तरी पंधरा-वीस दिवसांत आजार उलटतो. पण पहिल्या आठवड्यात कळलं तर औषध बदलून थोपवता येतं. "चहाडी समजू नका," डॉक्टर म्हणाले होते. "कुणाच्याही घरातलं, कुणालाही कळलं, तरी मला फोन करा."

"आपण कुणाला सांगायचं नाही," देवयानी ओजसला म्हणाली. "त्याने विश्वासाने सांगितलंय ना तुला?"

ओजसने मान हलवली. ती हो होती की नाही, ते तिला कळलं नाही, आणि तिने पुन्हा विचारलंही नाही.

त्या आठवड्यात तिने स्वतःला पुष्कळ कारणं दिली. नोकरी जाईल बिचाऱ्याची. मोठा आहे तो, एकतीस वर्षांचा. दुसऱ्याच्या घरात आपण का नाक खुपसायचं? मोजणीला कोरेगावकडे गेली असताना बांधावर उभी राहून ती दिवस मोजत होती. बुधवारपासून आठ. बुधवारपासून नऊ. आपण काय मोजतोय हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिच्या हातातला खुणेचा दांडा खाली पडला. तरी तिने फोन केला नाही.

दहाव्या दिवशी फोन हेमाताईंचाच आला.

"देवयानी, यशो दोन-तीन दिवस गप्प गप्प आहे गं. जेवायला बसला की ताट फिरवून फिरवून बघतो. काय असेल?"

देवयानी ऑफिसच्या जिन्यात उभी होती. खालून कुणीतरी चहा घेऊन वर येत होतं. आत्ता, या क्षणी सांगून टाकावं, असं तिला वाटलं. तिने तोंड उघडलं.

"कामाचा ताण असेल, हेमाताई," ती म्हणाली. "नवीन नोकरी आहे. होतं असं."

"असेल, नाही का?" हेमाताईंनी सुस्कारा टाकला. "तू म्हणतेस तर असेल."

चौदाव्या दिवशी भर दुपारी यशोधन पोवई नाक्यावर रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या नंबरांत डेअरीवाल्यांनी आपल्यासाठी निरोप लपवलेत, असं तो ओरडून सांगत होता. एका बसने करकचून ब्रेक मारला, तो थोडक्यात वाचला. आणि पोलिसांच्याही आधी तिथे केंद्राची गाडी पोहोचली, कारण केंद्राला दहा मिनिटांपूर्वीच फोन गेला होता.

फोन ओजसने केला होता.

पंखा बोलू लागल्यापासून सतरा वर्षं ओजस कानाला फोन लावत नसे. त्या दिवशी यशोधनने त्यालाच व्यायामाच्या टॅबवर लेखी निरोप पाठवला होता, मी नाक्यावर नंबर वाचायला चाललोय. ओजसने शेजारच्या इनामदार वहिनींचा दरवाजा वाजवला, त्यांचा फोन मागून घेतला आणि डॉक्टर मुजावरांना सांगितलं, "यशो आजारी पडलाय. त्याने गांजा ओढला होता. मला माहीत होतं. नाक्यावर जा."

संध्याकाळी देवयानी घरी आली तेव्हा तो पायरीवर बसला होता. तिने सगळं ऐकलं आणि त्याच्या शेजारी बसली.

"ताई, तू डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"तूच म्हणालास ना, कुणाला सांगू नको म्हणून—"

"ते यशो म्हणाला होता. मी तुला सांगितलं होतं. तू सांगशील म्हणून सांगितलं." तो थांबला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागे. "तो पडावा असं तुला वाटत होतं. तो आला की तुझा चेहरा बंद होतो. मला दिसतं ते. आधी दिसत नव्हतं, आता दिसतं."

शब्दांच्या यादीत चारवर अडकलेल्या या माणसाला माणसांचे चेहरे वाचता येऊ लागले होते. भाजी मोडायला तो आपणहून बसला होता. दुसऱ्याला काय होतंय हे सतरा वर्षांनी त्याला कळू लागलं होतं. या उपचाराने त्याला जे दिलं होतं ते कुठल्या तक्त्यात भरलं गेलं नव्हतं, आणि ती इतके महिने शेजारच्याच तक्त्यात डोळे घालून बसली होती.

यशोधन सात आठवडे केंद्रात होता. नोकरी गेली. बाहेर आला तेव्हा तो हळू बोलत होता, आणि वर्तमानपत्र हातात धरून एकाच पानावर थांबत होता. पुन्हा उभा राहील, डॉक्टर म्हणाले, पण वर्षभर तरी दुसरा टप्पा त्याला झेपणार नाही. त्याच्या जागी यादीतला सातवा, म्हणजे ओजस.

संमतीचा कागद समोर आला तेव्हा देवयानीच्या हातातलं पेन हलेना. "डॉक्टर, ही जागा आम्हाला नको," ती म्हणाली.

"का?"

तिने सांगितलं. काही न लपवता, जिन्यातल्या फोनसकट. डॉक्टर मुजावरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे मला सांगून उपयोग नाही."

शेजारी बसलेल्या ओजसने पेन तिच्या हातातून काढून घेतलं. "सही मी करतो," तो म्हणाला. "आजार माझा आहे." आणि त्याने आपलं पूर्ण नाव सावकाश लिहिलं.

तिथून देवयानी थेट शाहूपुरीत हेमाताईंकडे गेली. दुपारचे चार वाजले होते. यशोधन आत झोपला होता. हेमाताई ओट्यापाशी तांदूळ निवडत होत्या. देवयानी उभ्या उभ्याच बोलली. बसली असती तर तिच्याने बोलवलं नसतं.

हेमाताईंची बोटं ताटात थांबली नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला.

"त्या दिवशी मी तुला फोन का केला, माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "मला वास आला होता. त्याच्या शर्टाला. पाच वर्षं तो वास मी या घरात काढलाय, मला कळणार नाही? डॉक्टरांना फोन लावायला घेतला होता. पण मग वाटलं, बैठकीत सगळ्यांना कळेल. तुला कळेल. माझा मुलगा पुन्हा गांजेकस ठरेल, तोही तुझ्यापुढे. म्हणून तुला फोन केला. तू 'ताण असेल' म्हणालीस आणि मला हायसं वाटलं. तेच ऐकायचं होतं मला."

देवयानीचे डोळे भरून आले. "हेमाताई, म्हणजे आपण दोघींनीही..."

"नाही." हेमाताईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. "दोघींनी म्हणू नकोस. मी भ्याले. तू वाट बघत होतीस. हे दोन्ही सारखं नाही, देवयानी."

आत यशोधन कूस बदलल्याचा आवाज आला. हेमाताई कान देऊन थांबल्या, मग पुन्हा तांदळाकडे वळल्या.

"तू ये आता. ओजसला मात्र शनिवारी पाठव. त्याच्यामुळे माझा पोरगा जिवंत आहे. आणि एकट्याला पाठव."

शनिवारी ओजस एकटा गेला. गोडोलीहून शाहूपुरीला बसने, मध्ये एक गाडी बदलून. देवयानी घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. इतक्या वर्षांत शनिवारची दुपार तिने एकटीने काढली नव्हती. यशोधन किती बोलत असेल, ओजसपेक्षा जास्त की कमी, हा विचार आला. असा विचार यायचा थांबला नव्हता, आणि इतक्यात थांबेल असं तिला वाटतही नव्हतं. तिने उठून खिडकीतलं वाळत घातलेलं सगळं काढलं, घड्या घातल्या.

साडेसहाला ओजस आला. चप्पल काढली, पाय धुतले, पाणी प्यायला.

"कसा आहे यशो?" तिने विचारलं.

"आधी हसला. मग रडला. मग आम्ही शेंगोळे खाल्ले. काकूंनी केले होते." तो जरा आठवत राहिला. "खूप होते. मी म्हणालो, ताईला डब्यात देता का?"

देवयानीने घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडला. "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, अजून नाही."

ओजस आत गेला. देवयानी तो टॉवेल मांडीवर घेऊन, तिन्हीसांजेला दिवा लावायचंही विसरून, त्या दोन शब्दांपैकी पहिलाच तेवढा मनाशी घोळवत बसली.